पुरातील माणूस मोजताना त्याचे जनावरही मोजा

आपत्तीच्या वेळी माणसे घर सोडायला का तयार होत नाहीत, या प्रश्नाचे एक उत्तर अनेकदा त्यांच्याच गोठ्यात वा अंगणात बांधलेले असते. ‘कॅटरिना’ वादळानंतर अमेरिकेने हे उत्तर कायद्यात उतरवले. महापुराचा वारंवार अनुभव घेणाऱ्या महाराष्ट्राने त्यातून काय घ्यावे, याचा हा वेध.

न्यू ऑर्लिन्स शहरातील ‘सुपरडोम’ या अवाढव्य क्रीडागृहाबाहेर २००५ च्या सप्टेंबरच्या प्रारंभी बसगाड्यांसाठी रांगा लागल्या होत्या. २९ ऑगस्ट रोजी ‘कॅटरिना’ चक्रीवादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळले, शहराभोवतीचे तटबंध फुटले आणि सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेले. क्रीडागृहात आश्रय घेतलेल्या हजारो लोकांना आता ह्यूस्टनकडे हलवले जात होते. त्या रांगेतल्या एका लहान मुलाच्या हातात त्याचा कुत्रा होता. बसमध्ये प्राण्यांना परवानगी नव्हती. पोलिसाने कुत्रा काढून घेतला, तेव्हा ‘स्नोबॉल, स्नोबॉल’ असा आक्रोश करता करता त्या मुलाला उलटी झाली. वृत्तसंस्थेने दिलेल्या बातमीतील हा प्रसंग अवघ्या काही ओळींचा होता. पण हजारो मृत्यूंच्या आणि प्रशासकीय नाकर्तेपणाच्या बातम्यांच्या गदारोळातही तो अमेरिकी जनतेच्या मनात रुतून बसला.

या प्रसंगाकडे केवळ भावनेच्या नजरेने पाहिले, तर त्यातील खरा प्रश्न निसटून जातो. त्या मुलाला निदान बसमध्ये बसवता आले. परंतु ज्या प्रौढांनी वादळापूर्वीच ‘कुत्र्याला सोडून जाणार नाही’ असे ठरवले, ते घरातच राहिले आणि त्यांतील अनेकांना नंतर छपरांवरून उतरवावे लागले. ‘फ्रिट्झ इन्स्टिट्यूट’ या संस्थेने २००६ मध्ये केलेल्या पाहणीत, घर न सोडलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांनी पाळीव प्राण्यांना मागे ठेवण्याची तयारी नसणे, हे आपल्या निर्णयाचे निदान एक कारण असल्याचे सांगितले. अर्थात, त्या शहरात स्वतःचे वाहन नसलेल्या गरिबांची संख्याही मोठी होती. पैसा, आजारपण, वार्धक्य अशी इतर कारणेही होती. तरीही जवळजवळ निम्म्या लोकांच्या निर्णयात जी गोष्ट येते, तिला आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात एक ओळही नसावी, ही नियोजनातील गंभीर त्रुटी होती.

माणसे परत का फिरतात?

ही त्रुटी ‘कॅटरिना’च्या आधीही दिसून आली होती. मार्च १९९६ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील वेयाउवेगा या छोट्या गावाजवळ ज्वालाग्राही वायू वाहून नेणारी मालगाडी रुळांवरून घसरली. स्फोटाच्या भीतीने गाव तातडीने रिकामे करण्यात आले. काही तासांत परत येऊ, या समजुतीने अनेकांनी कुत्री-मांजरी घरातच ठेवली. प्रत्यक्षात गाव सुमारे अडीच आठवडे बंद राहिले. पहिल्या काही दिवसांतच लोक पोलिसांचा पहारा चुकवून घराकडे धावू लागले. प्रशासनावर एवढा दबाव आला, की बॉम्बची धमकी देण्यापर्यंत मजल गेली. अखेर चौथ्या दिवशी ‘नॅशनल गार्ड’च्या चिलखती गाड्यांतून प्राणी बाहेर काढण्याची अधिकृत मोहीम राबवावी लागली. पहिल्याच दिवशी ‘प्राणी सोबत घ्या’ एवढी सूचना दिली असती, तर ही चिलखती मोहीम टळली असती.

पुढच्याच वर्षी, जानेवारी १९९७ मध्ये, कॅलिफोर्नियातील युबा परगण्यात पूर आला. या पुरानंतर पशुवैद्यक सेबॅस्टियन हीथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास या विषयातील पायाभूत अभ्यास मानला जातो. मूल नसलेल्या घरात जितके पाळीव प्राणी अधिक, तितकी ते घर रिकामे न होण्याची शक्यता अधिक, असे त्यात आढळले. याहून बोलकी बाब म्हणजे, रिकाम्या केलेल्या भागात जे लोक पुन्हा शिरले, त्यांतील सुमारे ८० टक्के लोक आपल्या प्राण्यांना सोडवण्यासाठी शिरले होते.

बचाव पथकांच्या दृष्टीने या आकड्याचे महत्त्व मोठे आहे. बाहेर काढलेला माणूस परत धोक्यात गेला, की त्याच्यामागे पुन्हा एक बोट आणि पुन्हा काही जवान पाठवावे लागतात. तेव्हा प्राण्यांचा विचार न करणारा आराखडा माणसांनाही एकदाच काढण्याऐवजी दोनदा काढण्याची वेळ आणतो.

कायद्याने काय केले, काय केले नाही

‘कॅटरिना’नंतर अमेरिकी काँग्रेसचे सदस्य टॉम लँटोस आणि ख्रिस्तोफर शेज यांनी ‘पाळीव प्राणी स्थलांतर आणि वाहतूक मानके’ विधेयक मांडले. प्रतिनिधिगृहाने ते ३४९ विरुद्ध २४ अशा मोठ्या बहुमताने संमत केले आणि ६ ऑक्टोबर २००६ रोजी अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या स्वाक्षरीने त्याचे कायद्यात रूपांतर झाले. राज्य आणि स्थानिक पातळीवरील आपत्ती आराखड्यांत मोठ्या आपत्तीपूर्वी, आपत्तीदरम्यान व नंतर ‘पाळीव प्राणी व साहाय्यक प्राणी सोबत असलेल्या व्यक्तींच्या’ गरजांचा विचार झाला पाहिजे, असे हा कायदा सांगतो. प्राण्यांच्या सुटकेवर आणि निवाऱ्यावर झालेला पात्र खर्च संघराज्याच्या निधीतून मिळण्याची वाटही त्याने खुली केली.

यातील शब्दरचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. कायदा प्राण्याच्या हक्काविषयी काही म्हणत नाही. ज्याच्यासोबत प्राणी आहे अशा व्यक्तीच्या गरजेविषयी बोलतो. बचावाच्या बोटीत माणसाच्या आधी कुत्र्याला बसवा, असे त्यात कोठेही नाही. बोट लागण्याची वेळ येण्याआधीच कुत्र्यासह निघता येईल, अशी सोय करून ठेवा, एवढेच त्याचे सांगणे आहे.

कायद्याच्या मर्यादाही उघड आहेत. संघराज्याच्या आपत्ती यंत्रणेने केलेल्या व्याख्येत कुत्रा, मांजर, पक्षी, ससा, कासव आदींचा समावेश ‘घरगुती प्राणी’ म्हणून होतो. शेतावरील जनावरे त्यातून वगळली आहेत. शिवाय या कायद्याविषयी एक गैरसमज अमेरिकेत अजूनही प्रत्येक वादळासोबत पसरतो. आपत्तीच्या काळात हॉटेलांना पाळीव प्राणी घ्यावेच लागतात, असे लोक एकमेकांना सांगतात. वास्तविक कायद्यात तसे बंधन नाही. अशा ऐकीव माहितीवर विसंबून निघालेले कुटुंब मध्यरात्री हॉटेलच्या दारातून परत फिरते.

तरीही फरक पडला. २००८ मध्ये ‘गुस्ताव्ह’ वादळ त्याच किनाऱ्याकडे झेपावले, तेव्हा न्यू ऑर्लिन्समधून सरकारी वाहनांनी बाहेर नेण्यात आलेल्या लोकांना आपले प्राणी मागे सोडावे लागले नाहीत. तीन वर्षांपूर्वी ज्या शहरात लहान मुलाच्या हातून कुत्रा काढून घेतला गेला, तेथेच प्राण्यांची नोंद करून, मालकाशी जुळणारा क्रमांक देऊन त्यांना निवाऱ्यात पाठवण्यात आले. ‘कॅटरिना’त वाचवलेल्या हजारो प्राण्यांपैकी फार थोडे आपल्या मालकांकडे परतू शकले होते. कोणता प्राणी कोणाचा, याची नोंदच नव्हती. सुटकेइतकीच नोंदीलाही किंमत असते, हा धडा त्यातून मिळाला.

जपानने हाच प्रश्न निराळ्या अंगाने हाताळला. ११ मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर फुकुशिमा अणुप्रकल्पाभोवतीचा २० किलोमीटरचा परिसर रिकामा करताना असंख्य प्राणी मागे राहिले. त्यानंतर २०१३ मध्ये तेथील पर्यावरण मंत्रालयाने मालकाने प्राण्यासह बाहेर पडावे, हे तत्त्व मार्गदर्शक सूचनांत आणले. मात्र, एकत्र बाहेर पडणे म्हणजे निवाऱ्याच्या एकाच खोलीत राहणे नव्हे, असेही स्पष्ट केले. ॲलर्जी, दमा, लहान मुलांना वाटणारी भीती या अडचणी खऱ्या आहेत. प्राण्याला निवाऱ्याच्या आवारात वेगळी जागा असेल, तर दोन्ही बाजूंचा मान राहतो.

आपल्याकडे हिशेब होतो तो किमतीचा

योगायोग असा, की ‘कॅटरिना’च्या जेमतेम महिनाभर आधी, २६ जुलै २००५ रोजी मुंबईवर आभाळ कोसळले होते. सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. उपनगरांतील तबेल्यांमध्ये दाव्याला बांधलेल्या म्हशी जागीच बुडाल्या आणि पाणी ओसरल्यानंतर मृत जनावरांची विल्हेवाट हे महापालिकेपुढचे एक बिकट काम होऊन बसले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये, त्सुनामीच्या अनुभवानंतर आकाराला आलेला आपत्ती व्यवस्थापन कायदा देशात मंजूर झाला. या कायद्यातील आपत्तीच्या व्याख्येत जीवितहानी, मानवी यातना, मालमत्तेचे नुकसान व पर्यावरणाचा ऱ्हास यांचा उल्लेख आहे. जनावरांचा स्वतंत्र उल्लेख नाही.

याचा अर्थ आपली व्यवस्था जनावरांना पूर्णपणे विसरली, असा नाही. आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत मृत दुभत्या गायी-म्हशीसाठी ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैलासाठी ३२,००० रुपये आणि शेळी-मेंढीसाठी ४,००० रुपये साह्य ठरवण्यात आले. पण हा सारा हिशेब जनावर मेल्यानंतरचा आहे. ते जिवंत असताना कोठे न्यायचे, कोणी न्यायचे आणि केव्हा न्यायचे, याचे उत्तर या कोष्टकात असू शकत नाही. आणि ज्यांची बाजारात किंमत नाही, ती कुत्री-मांजरी या कोष्टकात मुळीच नाहीत. दुसरीकडे, प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० अन्वये प्राण्याला उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत वाजवी कारणाविना सोडून देणे हा गुन्हा आहे. म्हणजे सोडून जाऊ नका, असे एक कायदा सांगतो. सोबत कसे न्यावे, हे दुसरा सांगत नाही.

पंचगंगेच्या काठावर

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात या प्रश्नाने आपले सर्वांत उग्र रूप दाखवले. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. दोन्ही जिल्ह्यांतून चार लाखांहून अधिक लोकांना हलवावे लागले. सुरुवातीच्या दिवसांत अनेक गावांतील लोक बाहेर पडायला राजी नव्हते. २००५ च्या पुराची खूण त्यांच्या डोळ्यांसमोर होती. त्यापुढे पाणी जाणार नाही, हा विश्वास होता. आणि ‘जनावरांना टाकून कसे यायचे?’ हा प्रश्न तर बचाव पथकांना गावोगाव ऐकावा लागला.

हा प्रश्न विचारणाऱ्यांना हट्टी ठरवणे सोपे आहे. पण या भागातील अल्पभूधारक कुटुंबाचे अर्थकारण दर दहा दिवसांनी हाती पडणाऱ्या दुधाच्या बिलावर चालते. उसाचा पैसा वर्षातून एकदा. मीठ-मिरची, मुलांच्या वह्या आणि दवाखाना भागतो तो म्हशीवर. गोठ्यातील दोन म्हशी बुडाल्या, तर ते कुटुंब पुरातून जिवंत निघूनही पुढची दोन-तीन वर्षे बुडालेलेच राहते. शिवाय जनावर आणि घर यांच्यात जो लळा असतो, तो पैशात मांडता येत नाही. बेंदराला ज्या बैलाला ओवाळले, त्याला महिन्या-दीड महिन्यात पाण्यात बांधून निघून जाणे कोणाही शेतकऱ्याला जमत नाही.

या हट्टाची किंमत कधी प्राणाने मोजावी लागते. जून २०२३ मध्ये ‘बिपरजॉय’ चक्रीवादळापूर्वी गुजरातने किनारपट्टीवरील लाखाहून अधिक लोकांना सुरक्षित हलवले. मोठी मनुष्यहानी टळली म्हणून या मोहिमेचे कौतुकही झाले. मात्र वादळ धडकले त्या १५ जूनलाच भावनगर जिल्ह्यात ओढ्याच्या पुरात अडकलेल्या शेळ्यांना वाचवायला उतरलेले पिता-पुत्र वाहून गेले. त्याआधी ऑगस्ट २०१८ मध्ये केरळच्या महापुरात त्रिशूरमधील एका महिलेने आपल्या २५ कुत्र्यांशिवाय घर सोडण्यास नकार देऊन बचाव पथकाला परत पाठवले होते. प्राणीमित्र संस्थेची मदत मिळाली, तेव्हाच ती बाहेर पडली. शेळ्यांमागे गेलेले गरीब पशुपालक आणि कुत्र्यांसाठी अडून राहिलेली शहरी गृहिणी यांच्यात वरकरणी काहीच साम्य नाही. आपत्तीच्या क्षणी मात्र दोघांनीही एकच निर्णय घेतला.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा आणि सोलापूरच्या अतिवृष्टीत पुन्हा तेच दृश्य दिसले. नदीकाठच्या गोठ्यांतील जनावरे दाव्याला बांधलेल्या अवस्थेतच गतप्राण झाली. पाणी रात्री वाढले, माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली आणि दावे सोडायलाही उसंत मिळाली नाही.

‘आधी माणसे’ हा आक्षेप

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. माणसांनाच बोटी पुरत नाहीत, तेथे कुत्र्या-मांजरांचे आणि म्हशींचे लाड कशाला? आक्षेप रास्त वाटतो, कारण तो बोटीतल्या शेवटच्या जागेचा विचार करतो. त्या शेवटच्या जागेवर माणसाचाच हक्क आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु बोटीत म्हैस चढत नाही, हे शेतकऱ्यालाही ठाऊक असते. तिला चालवत न्यायचे असते, रस्ता कोरडा असताना. म्हणून जनावरांचे स्थलांतर हे बोटींचे काम नसून वेळेचे काम आहे. ती वेळ साधली, तर पाणी वाढल्यावर बोटीची वाट पाहणारी माणसेच कमी राहतात.

बांगलादेशाने ही गोष्ट फार लवकर ओळखली. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळात तेथे लाखो माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर किनाऱ्यावरील सपाट प्रदेशात मातीचे उंच टेकाड उभारण्यात आले, ज्यावर गुरे-ढोरे आणि माणसेही चढू शकतील. तेथे त्यांना ‘मुजीब किल्ला’ म्हणतात. किल्ला हा शब्द आपल्याही ओळखीचा आहे आणि त्यामागची कल्पनाही खर्चिक यंत्रसामग्रीची नाही. माती, मजुरी आणि पूर येण्याआधी ठरवलेली जागा, एवढेच त्यासाठी लागते.

जनावरे सांभाळण्याचा अनुभव महाराष्ट्राच्या प्रशासनाजवळ नाही, असेही म्हणता येत नाही. २०१९ च्याच उन्हाळ्यात दुष्काळी जिल्ह्यांतील चारा छावण्यांमध्ये सुमारे दहा लाख जनावरे दाखल होती. वैरण, पाणी, पशुवैद्यक आणि नोंदवह्या यांची सारी व्यवस्था तेव्हा उभी राहिली. दुष्काळ पायी येतो, म्हणून छावणी उघडायला सवड मिळते. पूर रात्रीत येतो. तेव्हा पुराची छावणी पावसाळ्यापूर्वी कागदावर तयार असली पाहिजे, एवढाच यातील फरक.

करता येण्याजोगे काही

पहिली गोष्ट म्हणजे स्थलांतराचे टप्पे. पाणी इशारा पातळीला पोहोचले की जनावरे हलवायची आणि धोका पातळीच्या आत माणसे, असा क्रम लेखी आदेशात आला पाहिजे. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली आणि आंबेवाडीसारख्या गावांतील लोक २०१९ चा धडा घेऊन अलीकडच्या वर्षांत पाणी वाढू लागताच जनावरांसह गाव सोडताना दिसले. त्यांनी अनुभवातून जे शिकून घेतले, ते इतर पूरप्रवण गावांना आराखड्यातून मिळायला हवे. प्रत्येक गावाच्या यादीत माणसांच्या संख्येशेजारी जनावरांची संख्या, त्यांच्यासाठी ठरवलेली उंचावरची जागा, तेथवरचा रस्ता आणि वैरणीचा साठा नोंदवला जावा.

दुसरी गोष्ट ओळखीची. गायी-म्हशींच्या कानात बारा अंकी क्रमांकाचे बिल्ले बसवण्याचे काम देशभर झाले आहे. छावणीत आलेल्या जनावराची नोंद याच क्रमांकाने केली, तर पूर ओसरल्यावर कोणाची म्हैस कोणाच्या दावणीला, हा वाद उरणार नाही. शहरांत महापालिका कुत्र्यांना परवाने देतात. त्याच नोंदणीचा उपयोग आपत्तीत करता येईल.

तिसरी गोष्ट निवाऱ्याची. शाळा किंवा मंगल कार्यालय निवारा म्हणून निवडताना त्याच आवारातील एखादी पडवी अथवा शेड कुत्र्या-मांजरांसाठी राखून ठेवावी. मालकानेही आपली जबाबदारी ओळखावी. गळ्यात पट्टा, रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र, दोन-तीन दिवसांचे खाणे आणि मांजरासाठी पिंजरा वा झाकणाची टोपली एवढी तयारी ज्याच्याजवळ आहे, त्याला दारातून परत पाठवले जाणार नाही, असे आधीच जाहीर झाले, तर अनेक कुटुंबे वेळेवर निघतील. गुरांच्या छावणीतही दाटीमुळे लाळ्या-खुरकूत, घटसर्प यांसारखे रोग पसरू शकतात. त्यामुळे पावसाळ्यापूर्वीचे लसीकरण हा पशुसंवर्धन विभागाचा नित्यक्रम आपत्तीच्या तयारीशी जोडला गेला पाहिजे.

आणि यातले काहीच साधले नाही, तर शेवटची सूचना सर्वांत साधी आहे. निघताना दावे सोडा, दार उघडे ठेवा. मोकळे जनावर पोहून किंवा उंचवटा शोधून जगण्याची धडपड तरी करते. बांधलेल्याला तीही संधी नसते. ही एक ओळ ध्वनिक्षेपकावरच्या प्रत्येक इशाऱ्यात असायला हवी.

अशी लवचीकता सरकारी यंत्रणेला परकी नाही, हे मार्च २०२२ मध्ये दिसले होते. युक्रेनच्या युद्धभूमीतून परतणारे काही भारतीय विद्यार्थी आपल्या कुत्र्या-मांजरांशिवाय विमानात बसायला तयार नव्हते. तेव्हा केंद्र सरकारने आयातीचे नियम शिथिल करून त्यांना प्राण्यांसह येण्याची मुभा दिली. परदेशातून येणाऱ्या विद्यार्थ्याच्या कुत्र्यासाठी जी सवलत चार दिवसांत निघू शकते, ती शिरोळच्या शेतकऱ्याच्या म्हशीसाठी चार महिने आधी का निघू नये?

दरवर्षी मे महिन्यात प्रत्येक जिल्ह्यात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. किती बोटी चालू स्थितीत आहेत, किती लाइफ जॅकेट आहेत, किती गावे पूररेषेत येतात, याचे तक्ते तेथे मांडले जातात. त्या तक्त्यात एक रकाना वाढवायला निधी लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी तहसीलदारांना एवढेच विचारायचे आहे, की या गावातील जनावरे कोठे जाणार? ज्या गावासाठी या प्रश्नाचे उत्तर तयार नसेल, तेथील माणसेही वेळेवर निघणार नाहीत, असे गृहीत धरलेले बरे.